शिखराची रेषा आणि अक्षयनीवी

दक्षिण अमेरिकेतील अकोंकाग्वा हे सुमारे ६,९६० मीटर उंचीचे शिखर. जर्मन छायाचित्रकार मिखाएल नज्जर यांनी २००९ साली तेथे आरोहण करून पर्वतरांगांची छायाचित्रे टिपली व पुढे संगणकाच्या साहाय्याने त्यांच्या माथ्याची रेषा बदलली. ही नवी रेषा निसर्गाची नव्हे, जगातील शेअर बाजारांच्या निर्देशांकांची आहे. एका चित्रात १९९२ ते २००८ या काळातील लेहमन ब्रदर्स या वित्तसंस्थेच्या समभागाचा भाव पर्वत होऊन उभा आहे. तो चढत जातो आणि उजवीकडे सरळ दरीत कोसळतो.

चित्रे देखणी आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कल्पनाही सार्थ आहे. ज्या आकड्याला देह नाही त्याला कलावंताने हिमाचा व पाषाणाचा देह दिला. आमचा आक्षेप निराळा आहे. या पर्वतावर मनुष्य नाही. भाव कोसळला तेव्हा कोणाचे घर गेले, कोणाची नोकरी गेली, याची चाहूल त्या शुभ्र उतारावर लागत नाही. जोखीम येथे भव्य होते, आणि भव्य झाली म्हणून निरपराध भासते.

पालघर जिल्ह्यात राहून ही चित्रे पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट खटकेल. नज्जर यांनी रेषा बदलली ती चित्रात. प्रत्यक्षातील पर्वत जागच्या जागी राहिला. बोईसर-तारापूरला हिशेबाच्या वहीतील रेषा जमिनीवरच उतरली आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते, आणि त्यावरून मच्छीमारांना हरित न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. वाढवण बंदराचा इतिहास तर वाचण्यासारखा आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. १९९८ साली डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली अनुमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडावयाचा आहे. बंदराची किंमत कोटीपर्यंत मोजता येते. मासळीच्या जागेला मात्र निर्देशांक नाही, म्हणून नज्जर यांच्या पद्धतीने तिचे चित्रही काढता येणार नाही.

ते काढले आहे ते याच भूमीतल्या एका चित्रकाराने. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे वाचकांनी पाहिली असतील. सूक्ष्म पांढऱ्या रेघांचे ते जाळे जवळजवळ सारा पृष्ठभाग व्यापते, आणि त्याच्या कडेला माणूस असतो. लहान, पण असतोच. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेले वारली चित्र कालांतराने पुसट होऊन जाई. सत्तरीच्या दशकात कागद आला आणि त्याबरोबर बाजारही आला. म्हसे यांच्या चित्रांनाही मोल लाभले, हे लपविण्याचे कारण नाही. २००३ साली ब्रिटिश भूमिकलावंत रिचर्ड लाँग येथे येऊन हिंडले, व दोघांच्या कृती डुसेलडॉर्फ येथे एकत्र मांडल्या गेल्या. परंतु बाजारात जाऊनही म्हसे यांच्या चित्रातून माणूस गळला नाही.

धनाविषयीच्या कलाकृतींत एक आम्हांस विनयपिटकाची आठवण देते. फ्रेंच कलावंत इव्ह क्लाइन रिकाम्या, अदृश्य 'क्षेत्रा'ची विक्री सोन्याच्या मोबदल्यात करीत. ग्राहकाने पावती जाळली, तर ते अर्धे सोने नदीत टाकीत; १९६२ साली सेन नदीकाठी साक्षीदारांसमक्ष हे घडले व त्याची छायाचित्रेही निघाली. विनयातही असा प्रसंग आहे. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारले तर ते संघासमोर सोडावे लागते. ते स्वीकारणारा कोणी गृहस्थ नसेल, तर संघ एका भिक्खूची रूपियछड्डक म्हणून नेमणूक करतो, आणि त्याने ते कोठे पडले याची खूण न ठेवता फेकावयाचे असते. येथे खूण ठेवणे हाच दोष होय. क्लाइन यांच्या कृतीत खूण हीच कलाकृती.

मात्र विहार धनापासून सर्वथा अलिप्त होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण कायमनिधी, म्हणजे अक्षयनीवी, म्हणून विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० होते. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब चोख आहे. त्यातही जोखीम होती, कारण श्रेणी बुडू शकते. पण ती कोणाकडे, किती दराने आणि कोणासाठी, हे निगमसभेत जाहीर करून दगडावर कोरले गेले. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने ज्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या त्यांची नावे आहेत. त्यांत डाहणुका, म्हणजे आपली डहाणूची नदी, आहे. नदी ओलांडणाऱ्याकडून काही घ्यावयाचे नाही, हेही त्या दानाचे कलम होते.

नज्जर यांच्या पर्वताशेजारी आम्हांस याच जिल्ह्यातील एक लहानशी वस्तू ठेवावीशी वाटते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत धातुकरंडक व सुवर्णपुष्पे यांच्यासह यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे निघाले. ते फारसे झिजलेले नव्हते.