यक्षी आणि आज्ञा : ‘लोका’मधील नीलीच्या निमित्ताने

सुपरहिरोपट हा प्रकार आपल्याकडील वाङ्मयीन चर्चेत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखिकेलाही त्याविषयी फारशी आस्था नव्हती. डॉमिनिक अरुण दिग्दर्शित ‘लोका चॅप्टर १ : चंद्रा’ (२०२५) या मल्याळम चित्रपटाने ही अनास्था काहीशी दूर केली. याचे कारण, त्याची नायिका परग्रहावरून किंवा प्रयोगशाळेतून अवतरत नाही. ती लोककथेतून येते.

कळ्ळियंकाट्टु नीली ही केरळच्या लोकपरंपरेतील यक्षी. कथेची रूपे अनेक आहेत. परंतु धनलोभी पतीने ठार केलेली स्त्री सूडासाठी यक्षी होऊन परतते, हे त्यांतील परिचित सूत्र होय. रात्री वाटसरूकडे विड्यासाठी चुना मागणारी ही यक्षी मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटू नये. आपली ‘जखीण’ व्युत्पत्तीने ‘यक्षिणी’चीच वंशज आहे. चित्रपटाने मात्र नीलीच्या दुःखाचे मूळच बदलले आहे. येथे ती आदिवासी मुलगी आहे आणि मंदिरप्रवेशाच्या ‘अपराधा’साठी राजा तिच्या माणसांचा संहार घडवतो. वैयक्तिक विश्वासघाताच्या जागी सामाजिक अन्याय येतो. हा बदल प्रस्तुत लेखिकेला चित्रपटातील सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागली आहे. पतीकडून फसवली गेलेली, रागावलेली, मोहात पाडणारी स्त्री या बदलात हरवते. उरते ती व्रतस्थ योद्धी.

कल्याणी प्रियदर्शन यांनी ही चंद्रा कमालीच्या संयमाने उभी केली आहे. शतकानुशतके जगल्याचा थकवा त्यांच्या नजरेत आहे, संवादांत नाही. समोरच्या घरातील सनी (नसलेन) गोड आहे, विनोदी आहे. परंतु बराच काळ आपण चंद्राला त्याच्याच कुतूहलातून पाहतो, हे खटकते.

खरा प्रश्न नाचियप्पा गौडा या पोलीस अधिकाऱ्यापाशी उभा राहतो. स्त्रीद्वेष हा त्याचा स्थायीभाव. चंद्राच्या संसर्गाने त्यालाही तिच्यासारखी शक्ती लाभते आणि तो सरळ राक्षस होतो. शक्ती एकच असताना एक रक्षक व दुसरा भक्षक का? हेतूचा फरक आहेच, तो नाकारता येत नाही. परंतु चित्रपट त्याला आणखी एक कारण जोडतो : चंद्रा कोणाच्या तरी आज्ञेत आहे. लोककथेतील कडमट्टत्तु कत्तनार हा धर्मगुरू यक्षीला मंत्रबळाने वश करतो. चित्रपटातील कत्तनार तिला सत्कार्याकडे वळवतो. हे वळवणे सौम्य आहे, एवढेच. वर्तमानातही ती बेंगळुरूला येते ती ‘मूत्तोन’च्या सांगण्यावरून. मूत्तोन म्हणजे वडीलधारा. त्याचा चेहरा दिसत नाही. ऐकू येतो तो ममूटी यांचा आवाज, आणि त्या आवाजावर प्रेक्षागृहात टाळ्या पडतात! राजसत्तेने उद्ध्वस्त केलेल्या मुलीची शक्ती प्रेक्षकाला निर्धोक वाटावी, यासाठी तिच्यावर एक पुरुष वडीलधारा नेमावा लागला, असे म्हणावेसे वाटते.

म्हणूनच दुसऱ्यांदा पाहताना अंतिम संघर्षापेक्षा कॅफेतील रात्रपाळीचा भाग अधिक भावला. सहकारी मुलीला त्रास देणाऱ्या गुंडाला चंद्रा रोखते. त्या वेळी तिला कोणीही आज्ञा दिलेली नसते.