‘अनाम कारागीर’ आणि गावचा कुंभार : जपानी चहापात्रांच्या समीक्षेचा पुनर्विचार

जपानी चहापात्रांच्या आकारांची चर्चा सोएत्सु यानागी (१८८९-१९६१) यांच्या विवेचनाला वगळून पुढे जात नाही. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहातील कोहोआन येथे जतन केलेले ‘किझाएमोन इदो’ हे पात्र त्यांनी १९३१ मध्ये पाहिले. सोळाव्या शतकात कोरियात घडलेले हे पात्र रुंद तोंडाचे व उंच बैठकीचे असून बैठकीभोवती झिलई आक्रसून तिचे थेंब झाले आहेत. यानागींच्या मते ते गरिबाचे जेवणाचे भांडे होते आणि घडविणारा अनाम, निरहंकारी असल्यामुळेच ते सुंदर झाले. हे मत भोर व वेल्हे परिसरातील कुंभारकामास लावून पाहिले असता त्यातील उणीव स्पष्ट होते.

येथील कुंभार अनाम कधीच नव्हता. त्रिं. ना. आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) मध्ये वर्णिलेल्या बलुतेदारीत कुंभार हा ठरलेला हक्कदार आहे. ज्याला सुगीत बलुते घालावयाचे, त्याचे नाव आणि त्याच्या आव्याचे गुणदोष गावाला ठाऊक असत. तो अनाम होतो तो संग्राहकाच्या दृष्टीने. त्याच्या कथित निरहंकारामागेही साधनेपेक्षा जातीने नेमून दिलेले काम अधिक आहे. यानागींनी हा लेख लिहिला तेव्हा कोरिया जपानची वसाहत होता (१९१०-१९४५), हेही येथे विसरता येत नाही. त्यांना कोरियाविषयी आस्था होती, हे खरे. परंतु कोरियन कुंभाराचे नाव हरवणे हाच त्यांनी गुण मानला. उलट खुद्द क्योतोत सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांच्यासाठी चाकाविना, हातांनी पात्रे घडविणाऱ्या चोजिरोचे नाव राकू घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले.

आकाराच्या बाबतीतही हीच अडचण येते. हिवाळ्यातील पात्र उभट, म्हणजे उष्णता टिकविणारे, उन्हाळ्यातील पसरट. पात्र उलटे करून बैठक न्याहाळणे हा तेथील रसिकतेचा भाग आहे. आपल्या मडक्याला बैठकच नसते. चाकावरून उतरविल्यानंतर आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत कुंभार त्याचा तळ गोल करतो. ते चुलीवर, चुंबळीवर किंवा उतरंडीत बसावे लागते. बैठकीवरून पारख करणाऱ्या कसोटीला येथे हाती काहीच लागत नाही.

शिवाय तडा गेलेले चहापात्र लाख व सोन्याने सांधून जपतात; संक्रांतीचे सुगड वा अंत्ययात्रेतील मडके जपण्याची रीतच नाही. दुसरे तर फोडण्यासाठीच असते. संक्रांतीच्या तोंडावर भोरच्या बाजारात मांडलेल्या सुगडांचे तोंड, पोट व काठ यांचे अंगवार वर्णन मराठी समीक्षेने करावयाचे ठरविल्यास, त्या नोंदीत पहिला रकाना घडविणाऱ्याच्या नावाचा ठेवावा लागेल.