अर्जातला शिपाई

नामपूरला दर वर्षी १ जानेवारीला संध्याकाळी आम्ही दहावीस माणसे जमतो. सभा म्हणावी इतकी मोठी नसते. एक सतरंजी, बाबासाहेबांचा फोटो, शाळाकॉलेजातली काही मुले आणि बोलायला बहुधा मीच. कोरेगावची लढाई मी इतक्या वेळा सांगितली आहे की ती मला पाठ झाली आहे. शिरूरहून रात्री कूच, पाचशेचे पायदळ, समोर पेशव्यांची अठ्ठावीस हजारांची फौज, दिवसभर अन्नपाण्यावाचून झुंज, आणि शेवटी स्तंभावरची नावे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेत अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, त्या पाचशेंतल्या एकाने तरी स्वतः काही सांगितलंय का?"

मी काहीतरी उत्तर दिले. खरे म्हणजे मला उत्तर नव्हते. तिच्या प्रश्नाने मला बरीच पुस्तके वाचायला लावली आणि त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे. हे इतिहाससंशोधन नाही. आपण आपल्या शिपायाविषयी कोणत्या भाषेत बोलत आलो, याची ही तपासणी आहे.

कोरेगावची लढाई आपण पेशवाईच्या शेवटाशी जोडतो आणि ते बरोबरच आहे. पण ज्या सैन्याच्या बाजूने आपले लोक लढले त्या सैन्याच्या दृष्टीने पाहिले तर ती एका फार मोठ्या लढाईची शेपटी होती. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव झाला, त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी कोरेगाव झाले. वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन घडला तो आपल्याच मुलखात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असई गावी त्याने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्या एका दिवसात त्याच्या बाजूची सुमारे सोळाशे माणसे मेली वा जखमी झाली. त्याआधी, १८०१ साली, मुंबईच्या देशी पायदळाच्या तुकड्या जहाजात घालून इजिप्तला नेल्या होत्या. नेपोलियनने तिथे मागे सोडलेल्या फ्रेंच फौजेशी लढायला तांबड्या समुद्राच्या काठी कोसेरला उतरून, वाळवंट तुडवत हे शिपाई नाईल नदीपर्यंत गेले. ते पोहोचेपर्यंत फ्रेंच शरण आले आणि लढाई व्हायची राहून गेली. त्या वाळवंटात आपल्या कोकणातला, देशावरचा शिपाई काय प्यायला, कोणाच्या भांड्यातून प्यायला, जहाजावर कोणाशेजारी झोपला, यातले काही एक त्याच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेले नाही.

वेलिंग्टनची मात्र पत्रे आली. १८३४ पासून त्याच्या खलित्यांचे खंडामागून खंड छापले गेले आणि त्यांचा आरंभच हिंदुस्थानातील मोहिमांनी होतो. बैल किती, तांदूळ किती, नदीला उतार कुठे, सारे त्यात आहे. सेनापतीचा कागद टिकतो यात नवल नाही. नवल आहे ते हे की त्याच काळातल्या साध्या गोऱ्या शिपायाचाही कागद टिकला.

बेंजामिन हॅरिस हा त्यांतला एक. इंग्लंडच्या डॉर्सेट भागातला, मेंढ्या राखणारा. १८०३ च्या सुमारास सैन्यात गेला आणि पुढे हिरव्या गणवेशाच्या रायफल पलटणीत दाखल झाला. पलटणीत त्याचे काम दुहेरी होते. तो बंदूकही चालवी आणि बूटही शिवी, कारण तो चांभार होता. (आपल्याकडचा आणि तिथला चांभार एक नव्हे हे मला ठाऊक आहे. तिथे तो धंदा होता, जन्म नव्हता. ती गोष्ट पुढे येईलच.) पोर्तुगालात १८०८ साली तो व्हिमेरोला लढला. त्यानंतर स्पेनच्या बर्फातून समुद्राकडे जी भीषण माघार झाली तीत पाठीवर बंदूक, काडतुसे आणि वर चामडे नि हत्यारांचे ओझे घेऊन तो चालला. १८०९ साली त्याला वाल्खेरेन बेटावर नेले. त्या मोहिमेत लढाईत मेले जेमतेम शंभरावर आणि तापाने मेले चार हजार. हॅरिसच्याही हाडात तो ताप कायमचा बसला. पुढे तो लंडनच्या सोहो वस्तीत बूट शिवत बसला होता, तेव्हा कर्लिंग नावाच्या एका अधिकाऱ्याने त्याच्याजवळ बसून त्याच्या आठवणी लिहून घेतल्या. १८४८ साली पुस्तक निघाले.

हे पुस्तक मी वाचले तेव्हा मला प्रथम हेवा वाटला आणि मग राग आला. हॅरिसला कोणाला काही पटवायचे नाही. आपण शूर होतो हे तो सांगत बसत नाही. माघारीत कोणाचे बूट फाटले, कोण बर्फात बसला तो उठलाच नाही, शिपायांच्या मागे चालणाऱ्या बायकांचे काय हाल झाले, पलटणीतून पळालेल्या एकाला गोळ्या घालताना आपण कसे उभे होतो, हे तो सांगतो. मेलेल्या शत्रूच्या अंगावर काय सापडते ते आपण चाचपले, हेही तो लपवत नाही. त्याच्या युद्धाचा निम्मा भाग पायांचा आहे.

राग आला तो कर्लिंगच्या त्या बसण्याचा. एक कप्तान एका चांभाराच्या पिंपाशेजारी बसतो आणि त्याचे ऐकून घेतो. त्या देशातही वर्ग होते, उच्चनीच होते, चाबकाचे फटके होते. पण ऐकणाऱ्याला बाट लागत नव्हता. आपल्याकडे १८४८ साली भीमेच्या काठी किंवा कोकणात एखादा म्हातारा पेन्शनर नाईक नक्की जिवंत असेल, कोरेगावचा दिवस त्याला आठवतही असेल. त्याच्याशेजारी बसणार कोण होते? लिहिता येणारा जवळ येत नव्हता आणि जवळच्यांना लिहिता येत नव्हते. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, यावरून आपण कुठे उभे होतो ते कळावे.

हिंदी शिपायाचे म्हणून एक पुस्तक आहे, ते सीतारामचे. १८१२ साली बंगाल सैन्यात गेलेला हा अवधचा ब्राह्मण. त्याच्या आठवणी नॉर्गेट नावाच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत आणल्या आणि १८७३ साली त्या लाहोरला छापल्या गेल्या. मूळ हस्तलिखित कधीच सापडले नाही, म्हणून सीताराम खरा होता का, की साहेबानेच त्याला बोलते केले, हा वाद अजून आहे. तो वाद बाजूला ठेवू. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पेंढाऱ्यांच्या मोहिमेत जखमी होऊन तो रानात पडला होता. हलक्या मानलेल्या जातीच्या हातचे घेतले म्हणून त्याची जात गेली आणि ती परत मिळवायला त्याला घरी पैसे मोजावे लागले. या प्रसंगावर अभ्यासकांनी त्याच्या बाजूने पुष्कळ लिहिले: बिचाऱ्याचा धर्मसंकटाचा क्षण वगैरे. ज्याच्या हातचे त्याने घेतले त्या माणसाच्या बाजूने कोणी लिहिले नाही. जीव वाचवणारा हात त्या पुस्तकात बाट म्हणून येतो नि जातो. हिंदी शिपायाचे प्रातिनिधिक आत्मकथन म्हणून हेच पुस्तक जगभर वाचले जाते. प्रतिनिधी कोणाचा, हे विचारायचे राहून जाते.

आता आपल्याकडे वळतो.

कोरेगावविषयी जे लिखित साधन आहे ते सारे वरून लिहिलेले आहे. स्टाँटन कप्तानाचा अहवाल, ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, १८२१ साली पायाभरणी झालेला स्तंभ. त्यात अधिकाऱ्यांची नावे ठळक आहेत. लेफ्टनंट चिझमचे शीर कापले गेले हे प्रत्येक जण सांगतो. शिपाई आकड्यात येतात. कंपनीच्या सुमारे ८३४ माणसांपैकी २७५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. स्तंभावर मृतांत २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे आपली. अमकानाक तमकानाक, बापाच्या नावासह. गावच्या कोणत्याही कागदात त्यांना असे पुरे नाव मिळाले नसते. पलटण मिश्र होती, तीत मराठे, मुसलमान, बेने इस्राएल होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या सभांतून ते सहसा सांगितले जात नाही. मीही सांगत नसे.

मग आपला शिपाई प्रथम बोलला केव्हा? तो बोलला अर्जात. पलटणीतल्या शाळांनी सैनिकांच्या मुलाबाळांना अक्षरे दिली आणि त्या अक्षरांची पहिली पिढी वयात येते न येते तोच १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. लढवय्या जातींचा नवा सिद्धांत आला आणि ज्यांची नावे दगडावर कोरली ते लढवय्ये नाहीत असे ठरले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पलटणीचे पेन्शनर. १८८८ चे 'विटाळ विध्वंसन' त्यांचे आणि १८९४ चा भरतीसाठीचा अर्जही त्यांचाच. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेला अर्ज पाठवला. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ही सारी चळवळ आपल्या अभिमानाची आहे आणि तिच्यावाचून आज मी हा लेख लिहीत नसतो.

परंतु साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट टोचते. अर्जाची म्हणून एक भाषा असते. अर्जदार सांगतो, आमच्या पूर्वजांनी रक्त सांडले, आम्ही निष्ठावंत राहिलो, म्हणून आम्हाला अमुक द्या. अर्जात पाय दुखत नाहीत. तिथे कोणी भीत नाही, पळून जावेसे कोणाला वाटत नाही, सात रुपये पगारातून घरी काय पाठवले हे येत नाही. शिपाई तिथे पुरावा असतो. अर्जाची गरज संपल्यावरही आपण तीच भाषा वापरत राहिलो. इंग्रजांना दाखवायचा पुरावा आता सवर्णांना दाखवू लागलो, एवढाच फरक. पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार हे वाक्य मी सभेत म्हणतो तेव्हा मीही अर्जच करीत असतो. टाळ्या पडतात. त्या पाचशेंतला एकही माणूस मात्र डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

२०१८ साली लढाईला दोनशे वर्षे झाली, तेव्हा आनंद तेलतुंबडे यांनी कोरेगावच्या मिथकाविषयी कठोर प्रश्न विचारले. जातीच्या अंताची लढाई जातीच्या अभिमानावर उभी करता येईल काय, असा त्यांचा रोख होता. त्याच १ जानेवारीला तिथे हिंसाचार झाला आणि पुढच्या गदारोळात त्यांचा प्रश्न ऐकायला कोणाला सवड राहिली नाही. मी त्यांच्याशी पुरता सहमत नाही. ज्यांच्याजवळ दुसरे काहीच नव्हते त्यांना दगडावरच्या बावीस नावांनी कणा दिला, ही गोष्ट मिथक म्हणून निकालात काढता येत नाही. पण उपाय मिथक मोडण्यात आहे असे मला वाटत नाही, तसा ते घोकण्यातही नाही. त्या नावांना माणूस करायचे काम राहिले आहे. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहून गावकुसाबाहेरच्या माणसाला अर्जातून बाहेर काढले. तिथे लाज आहे, लबाडी आहे, भूक आहे, आणि म्हणून तो माणूस आहे. पलटणीतल्या माणसाचे ते अजून व्हायचे आहे.

साधने नाहीत, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आमच्या नामपूरहून तासाभराच्या वाटेवर मालेगावचा भुईकोट आहे, नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० साली बांधायला घेतलेला. १८१८ च्या मे महिन्यात कंपनीच्या फौजेने त्याला वेढा दिला. आत अरबांची शिबंदी होती. ऐन उन्हाळ्यात जवळजवळ महिनाभर वेढा चालला, बाहेरची दोनशेवर माणसे पडली, अखेर किल्ल्यातले दारूकोठार उडाले आणि अरब बोलणीला आले. त्यांना अभयपत्र हवे होते. ते मराठीत लिहिले गेले आणि लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून साहेबांच्या मनात होते त्याहून अधिक उदार शब्द पडले. शिबंदीच्या हिताचे असेल ते सरकार करील, असा त्याचा अर्थ निघाला. पुढे एल्फिन्स्टनने तोच अर्थ पाळायला लावला. मराठीतल्या एका ढिल्या वाक्याने शेकडो लोकांचे नशीब बदलले, ते आमच्या मोसम नदीच्या काठी.

त्या वेढ्यात खंदक खणणारे, डोल्या वाहणारे, पाणी आणणारे, मेलेले बैल ओढणारे कोण होते, हे मात्र कोणत्याही अभयपत्रात नाही. नेपोलियनच्या काळातले प्रत्येक सैन्य लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त अशा माणसांवर चाले. असईच्या रणावरून जखमी गोरे डोल्यांतून गेले, त्या डोल्या आपोआप चालल्या नाहीत. आपण शिपायाचा शोध घेतो, कारण त्याच्या हाती बंदूक होती. डोलीवाल्याचा घेत नाही. इथे आपलीही एक उतरंड आहे आणि ती आपण कबूल करावी.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर पुढच्या वर्षी मी सभेत भाषण केले नाही. महिनाभर आधी मुलांना सांगितले, घरी विचारा. पलटणीतल्या कोणाची काही गोष्ट घरात आहे का? लढाईचीच पाहिजे असे नाही. बहुतेक जण हात हलवत आले. एकाने पेन्शनची गोष्ट आणली, ती त्याने बहुधा पुस्तकातून घेतली होती. एक मुलगा मात्र आजीकडून काही घेऊन आला. कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, हे आजीला सांगता येत नव्हते. तिच्या सासऱ्याचा आजा की पणजा, इतपत. त्याला सरकारने बूट दिले होते. सुट्टीवर आला की तो ते घालून गावाच्या शिवेपर्यंत यायचा, तिथे बसून काढायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि गावातून अनवाणी चालत घरी जायचा. घरात दार लावून बूट परत घालायचा आणि दोन खणांत येरझाऱ्या घालायचा. लेकरे खाटेखाली बसून त्या बुटांचा आवाज ऐकायची.

मुलाने हे सांगितले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "मग पुढं त्या बुटांचं काय झालं रे?" मुलगा म्हणाला, आजीला विचारून सांगतो.