घर, पाणी आणि पात्रतेची तारीख

पुनर्वसनाची मोफत सदनिका मर्यादित असते. तिच्या लाभार्थ्यांसाठी कालमर्यादा ठरविणे समजण्याजोगे आहे. मुंबईत मात्र १ जानेवारी १९९५ ही घराची तारीख १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने पाण्यालाही लागू केली. त्यानंतर उभारलेल्या झोपड्यांना नळजोडणी नाकारली गेली. परिणामी पाणी ही नागरी सेवा न राहता वास्तव्याच्या वैधतेचे प्रमाणपत्र बनले. या कुटुंबांची तहान अर्थातच परिपत्रकाने थांबली नाही. त्यांना टँकरचे वा शेजारच्या नळाचे पाणी चढ्या दराने विकत घ्यावे लागले. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना घटनेच्या अनुच्छेद २१ अन्वये अनधिकृत झोपडीवासीयांचाही पाण्याचा हक्क मान्य केला. या निर्णयाचे स्वागत करताना एक बाब नजरेआड होऊ नये: अधिकृत रहिवाशांच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही आणि जादा दर आकारण्याची मुभाही ठेवली. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण त्यानंतर २०२२ मध्ये आले. दरम्यान घराच्या पात्रतेची तारीख १ जानेवारी २००० पर्यंत सरकली होती. शासनाने स्वतःच पुढे ढकललेली तारीख पाणीपुरवठ्याचा निकष म्हणून कोणत्या तर्काने समर्थनीय ठरते, याचे उत्तर त्या परिपत्रकाच्या समर्थकांनी द्यावयास हवे.