जखम न भरणाऱ्यांची मंडळी

मिशेल फेबर यांची ‘द बुक ऑफ स्ट्रेंज न्यू थिंग्ज’ ही इंग्रजी कादंबरी २०१४ साली प्रसिद्ध झाली. हॉलंडमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला व पुढे स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेला हा लेखक निरीश्वरवादी आहे. अशा लेखकाने सुवार्तिकाला नायक केले म्हणजे त्याची टवाळी होणार, असे आपण गृहीत धरतो. येथे तसे घडत नाही, आणि म्हणूनच पाळकांनी व धर्मशिक्षकांनी ही कादंबरी वाचणे अगत्याचे आहे.

पीटर ली हा एकेकाळचा व्यसनी व चोर. बिआट्रिस नावाच्या परिचारिकेने त्याला प्रभूकडे आणले. तीच पुढे त्याची पत्नी झाली. दूरच्या एका ग्रहावर वसाहत उभारणारी एक बलाढ्य कंपनी पाळक म्हणून पीटरची निवड करते. बिआट्रिसला मात्र मागे राहावे लागते. विरोधाची अपेक्षा धरून गेलेल्या पीटरसमोर उभे राहतात ते आधीच विश्वासात आलेले श्रोते: ‘येशूप्रेमी एक’, ‘येशूप्रेमी पाच’ अशी नावे धारण केलेले, पवित्र शास्त्राला ‘अद्भुत नव्या गोष्टींचे पुस्तक’ म्हणणारे.

या श्रोत्यांना इंग्रजीतील ‘स’ आणि ‘ट’ हे ध्वनी उच्चारणे अतिशय जड जाते. म्हणून पीटर खपून शास्त्रवचने अशी बेतू लागतो की ते ध्वनी त्यांत शक्यतो येऊच नयेत. तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळही त्यात गळून पडतो. ही पाने मला सर्वांत मोलाची वाटली. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्या इंग्रज धर्मगुरूने श्रोत्यांची ओवीच उचलली आणि त्यांच्या भाषेचे वैभव आपले मानले. पीटर आपल्याच भाषेतून वजाबाकी करीत जातो. त्याच्या प्रेमाविषयी शंका नाही. त्यांची भाषाही तो शिकू लागतो. पण आपले शब्द त्यांच्या मनात कोणता अर्थ घेऊन उतरतात, हे विचारावे असे त्याला सुचत नाही.

पुढे येशूप्रेमी पाच हिच्या हातावर चर्चमधले एक चित्र पडते. दुखापत क्षुल्लक, पण हात कुजू लागतो. तेव्हा कुठे पीटरला उमगते की या जिवांच्या देहात जखम भरून येण्याची शक्तीच नाही. कंपनीला अन्न पुरवून मोबदल्यात ते औषधे घेतात ती याचसाठी, आणि येशूला शरण आले तेही याचसाठी. आंधळे डोळस झाले, कुष्ठी शुद्ध झाले, मेलेले उठले, हे सर्व त्यांनी शब्दशः ऐकले होते. सार्वकालिक जीवन त्यांच्या लेखी एक उपचारपद्धती होती.

गैरसमजावर उभा राहिलेला विश्वास पोकळ असतो, असा लेखकाचा रोख दिसतो. तो मला मान्य नाही. वस्त्राच्या गोंड्याला शिवणारी रक्तस्रावी स्त्री काही सिद्धान्त जाणून आली नव्हती. कफर्णहूमपर्यंत प्रभूचा शोध घेत गेलेला जमाव भाकरीसाठी गेला होता. योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू त्यांना तसे स्पष्ट बजावतो, आणि बजावूनही त्यांच्याशी बोलत राहतो. लोक चुकीच्या आशेने आले, यात पीटरचा दोष नाही. ती आशा कोणती हे त्याने ऐकलेच नाही, हा त्याचा दोष. आपल्या बाप्तिस्म्याच्या वर्गात ‘तारण’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला तारण म्हणजे सावकाराकडे अडकलेली जमीन. तो आपल्या शब्दात काय ऐकतो, हे प्रश्नोत्तरीच्या पाठांतरावरून कळणार नाही.

इकडे पृथ्वीवर बिआट्रिसची पत्रे काळवंडत जातात. नैसर्गिक आपत्ती, रिकामी दुकाने, मोडकळीला आलेली व्यवस्था. त्यात ती गरोदर. पीटरची उत्तरे तोकडी, आणि बहुधा स्वतःच्या मंडळीच्या आनंदाने भरलेली. ज्या स्त्रीने त्याला विश्वासात आणले तिचाच विश्वास अखेर विझतो. संकटांची रास लेखकाने जरा अतीच रचली आहे, हे खरे. ग्रहावरील श्रोतेही इतके मवाळ रेखाटले आहेत की त्यांत एखादा तरी भांडखोर हवा होता. पतिपत्नींच्या संबंधांची वर्णने मोकळी आहेत. वाचनमंडळात पुस्तक ठेवणाऱ्यांनी ते ध्यानी घ्यावे. परंतु या लेखनाच्या काळात लेखकाची स्वतःची पत्नी कर्करोगाने आजारी होती व २०१४ सालीच ती निवर्तली, हे कळल्यावर या पत्रांतील वेदनेला बेतीव म्हणवत नाही.

पीटर शेवटी परतीचा निर्णय घेतो, तोही बिआट्रिसने येऊ नको असे कळवले असताना. ती दोघे भेटतात की नाही, हे लेखक सांगत नाही. ग्रहावर मागे राहिलेली, जखमा न भरणारी ती मंडळी पुढे कशावर विश्वास ठेवील, हेही तो सांगत नाही. निरीश्वरवादी असूनही त्याने हा दुसरा प्रश्न आपल्या बाजूने मिटवून टाकला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.