पार्थेनॉनची मिरवणूक: आतून बघायची की बाहेरून?

पार्थेनॉनची शिल्पं म्हटली की पहिला प्रश्न येतो, ती कोणाची? लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी 1801 पासून ती उतरवायला सुरुवात केली, 1816 मध्ये ब्रिटिश सरकारने 35,000 पौंडांना विकत घेतली, आणि भांडण अजून चालू आहे. मला आज ती मांडली कशी आहेत यावर बोलायचंय. कारण मांडणीसुद्धा बाजू घेते.

मूळ देवळात तो शिल्पपट्ट सुमारे 160 मीटर लांब आणि एक मीटर उंच होता. गाभाऱ्याच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून साधारण 12 मीटर वर. म्हणजे बघणारा बाहेरच्या खांबांमधून, मान वर करून, चालता चालता बघायचा. घोडेस्वार, रथ, बळीची जनावरं, पाण्याचे घडे खांद्यावर घेतलेले तरुण. नैर्ऋत्य कोपऱ्यातून मिरवणुकीला दोन फाटे फुटतात आणि पूर्वेला, देवांपाशी, ते पुन्हा भेटतात.

आता लंडनला या. ब्रिटिश म्युझियममधली ड्यूव्हीन गॅलरी, 1962 साली उघडलेली. लांबलचक दालन, आणि पट्ट त्याच्या आतल्या भिंतींवर! बघा, अंगरखा उलटा करावा तसं बाहेरचं आत आलं. देवळाच्या उत्तरेची आणि दक्षिणेची रांग मूळ जागी एकमेकींना कधीच दिसली नसती, इथं त्या समोरासमोर उभ्या आहेत. दिंडीबरोबर चालणं वेगळं, आणि मधोमध उभं राहून दोन्हीकडे नुसतं बघणं वेगळं. याचा फायदाही आहे, मी नाकारत नाही. डोळ्यांच्या उंचीवर घोड्यांच्या शिरासुद्धा दिसतात. मात्र तिथं तुम्ही मूर्तिकार बघता, इमारत नाही.

अथेन्सचं ॲक्रोपोलिस म्युझियम 2009 मध्ये उघडलं. वास्तुकार बर्नार्ड चुमी यांनी वरचा काचेचा मजला खालच्या इमारतीपासून थोडा फिरवून नेमका पार्थेनॉनच्या दिशेला लावलाय. पट्ट मधल्या गाभ्याच्या बाहेरच्या बाजूला आहे. तुम्ही भोवती फिरता, मिरवणूक तुमच्याबरोबर चालते, आणि काचेतून टेकडीवरचं देऊळ दिसतं. अगदी बरोबर उत्तर आहे हे. लंडनमधल्या तुकड्यांच्या जागी प्लॅस्टरच्या प्रती लावल्यात. मूळ संगमरवर मधाळ, प्लॅस्टर पांढरंफटक. डोळा दर काही पावलांवर अडखळतो, आणि तो अडखळावा हीच तर इच्छा आहे.

पण इथंच माझी तक्रार सुरू होते. एल्गिनने नेलेलं इतक्या ठळकपणे दाखवणारं हे दालन बाकीच्या शतकांबद्दल हळू आवाजात बोलतं. पार्थेनॉन जवळपास हजार वर्षं चर्च होतं, मग मशीद. 1687 मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि मधला भाग उडाला. पट्टातली बरीच तूट त्या दिवसाची आहे. प्लॅस्टरचा पांढरा रंग मात्र एकाच माणसाकडे बोट दाखवतो.

त्याच मजल्यावर उत्तर बाजूचा एक चौकोनी शिल्पफलक आहे, बत्तिसावा. चर्चच्या काळात शेजारचे फलक मुद्दाम छिन्नीने तासून टाकले गेले. हा वाचला. का? एक स्त्री बसलेली, दुसरी तिच्यासमोर उभी. ख्रिस्ती डोळ्यांना त्यात मेरी आणि देवदूत दिसले असावेत, असं अभ्यासक मानतात. अथेन्सला गेलात तर पट्टाभोवतीची फेरी झाल्यावर त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबा.