अपघाताची चित्रफीत आणि शिक्षणाचा दावा

३ मे २०२४ रोजी सकाळी महाड येथे एक खाजगी हेलिकॉप्टर उतरत असता कोसळले. लोकसभा निवडणुकीचे दिवस होते. रायगड मतदारसंघातील मतदान चार दिवसांवर येऊन ठेपले होते. शिवसेनेच्या ठाकरे पक्षाच्या नेत्या सुषमा अंधारे ह्यांना पुढील कार्यक्रमासाठी घेऊन जाण्याकरिता ते येत होते, आणि त्या अद्याप त्यात बसलेल्या नव्हत्या. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्या क्षणांची चित्रफीत मात्र त्याच दिवशी वृत्तवाहिन्यांवरून आणि भ्रमणध्वनींवरून सर्वत्र गेली. कोणी ती राजकीय विनोदासाठी पाठविली, कोणी नुसत्या नवलापोटी. अशा फिती पाठविणाऱ्यांचे आणखी एक समर्थन नेहमी ऐकू येते: त्या पाहून लोक शिकतात, सावध होतात. हा दावा गंभीर आहे. म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे, आणि तोही प्रस्तुत फीत एक संहिता म्हणून वाचून.

फितीत दिसते ते थोडेच आहे. हेलिकॉप्टर मोकळ्या जागेवर खाली येते, धुळीचे लोट उठतात, यंत्र डोलू लागते, त्याचा तोल जातो आणि ते जमिनीवर आदळते. निवेदन नाही, आधीचे नाही, नंतरचे नाही. आता प्रश्न असा की, ह्यातून कारण कोणते शिकावे? धुळीमुळे वैमानिकाला जमीन व क्षितिज दिसेनासे झाले असेल. यंत्राच्या खालच्या दांड्यांपैकी एक जमिनीला अडकून तीच उलटण्याचा टेकू बनली असेल. स्वतःच खाली लोटलेल्या हवेत उतरत गेल्याने पंख्याची उचल कमी झाली असेल. विमानविद्येला ही तिन्ही कारणे परिचित आहेत, आणि अनभ्यस्त प्रेक्षकाला ह्या तिहींपैकी कोणतेही त्याच दृश्याशी जुळल्यासारखे वाटेल. ज्या क्षणी निर्णय होतो तो क्षण फितीत धुळीने अंधुक केलेला आहे. डोळ्यांना परिणाम दिसतो आणि मन त्यालाच कारण समजून मोकळे होते.

येथे नाट्यशास्त्रातील एका निर्बंधाची आठवण होते. युद्ध, मरण, नगराचा वेढा ह्यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकादिकांच्या द्वारे कळवाव्यात, असे भरताने सांगितले आहे. ह्या निर्बंधाची संगती सामान्यतः औचित्याने किंवा अमंगलाच्या भीतीने लावली जाते. परंतु त्याचा आणखी एक परिणाम होतो: घटना सांगितली जाते तेव्हा ती कोणी तरी अर्थासह सांगतो, पूर्वापर संबंध जोडून सांगतो. (हाच हेतू भरताच्या मनात होता असे माझे म्हणणे नाही.) अभिनवगुप्ताने साधारणीकरण समजावताना शाकुंतलातील बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय त्या हरिणाचे राहत नाही, माझेही नसते. देशकालाच्या मर्यादा गळून ते निखळ भय म्हणून आस्वाद्य होते. महाडच्या फितीत असे काही घडू शकत नाही. यंत्रात बसलेला माणूस विशिष्टच राहतो. त्याला नाव आहे, परवाना आहे, घर आहे, आणि त्याच्या व्यवसायातील सर्वांत वाईट सकाळ लाखो अनोळखी माणसे पुनःपुन्हा पाहत आहेत. भयानकाचा आस्वाद येथे अशक्य. उरते ते कुतूहल. कुतूहल हा दोष नव्हे, पण त्याला शिक्षणाचे नाव देणे हा दोष आहे.

हे तत्त्व विमान-अपघातांच्या चौकशीला पूर्वीच उमगलेले आहे. १९५१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघातांच्या चौकशीसंबंधीचे तेरावे परिशिष्ट प्रथम स्वीकारले. चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा होय, कोणाला दोषी ठरविणे हा नव्हे, अशी त्याची भूमिका आहे, आणि वैमानिक-कक्षातील ध्वनिमुद्रणांना त्यात विशेष संरक्षण आहे. हे संरक्षण निव्वळ भूतदयेतून आलेले नाही. आपले शब्द उद्या बाजारात वाजविले जातील अशी भीती असलेला वैमानिक आपली चूक सांगणार नाही, आणि सांगितली न गेलेली चूक दुसरा कोणी तरी पुन्हा करील. ज्ञानाचा उगमच अशा भीतीने आटतो.

दृश्याच्या मर्यादेचा अधिक दारुण पुरावा १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत मिळाला. एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून विमानातील आणि जमिनीवरील मिळून २६० माणसे मृत्यू पावली. एका बघ्याने घेतलेली उड्डाणाची फीत जगभर फिरली, आणि तीवरून पंखांच्या झडपा योग्य स्थितीत नव्हत्या, असे निष्कर्ष काढण्यात आले. एका महिन्याने प्राथमिक अहवाल आला. झडपांचा दांडा उड्डाणास योग्य अशा पाच अंशांच्या स्थितीत आढळला होता. उलट दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे खटके उड्डाणानंतर लागोपाठ 'बंद' स्थितीत गेल्याची नोंद उड्डाण-लेखकयंत्रात होती. बाहेरून घेतलेल्या कोणत्याही फितीत हे दिसणे शक्यच नव्हते. त्या अहवालातील वैमानिकांच्या संवादाचा त्रोटक उल्लेखसुद्धा नव्या तर्कवितर्कांना पुरेसा ठरला, हे येथे नमूद केले पाहिजे.

महाड-पोलादपूरच्या टापूला अपघात नवे नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि राज्य परिवहनाच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून अनेकांचा अंत झाला. अंधारात, पुरात पूल कोसळला तो क्षण कोणी टिपून शिक्षणासाठी वाटला, असे झाले नाही. तरीही पुलापासून शिकण्याजोगे पुष्कळ होते: जुन्या पुलांची तपासणी कोणत्या ऋतूत व कशी करावी, पाण्याखालच्या पायाकडे कोणी पाहावे, पूर वाढताना वाहतूक थांबविण्याचा अधिकार कोणाकडे असावा. हे शिक्षण तपासणीच्या नोंदींतून, नदीच्या मापांतून आणि साक्षींतून येते. पूल कोसळतानाचे दृश्य असते तरी ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात मिळाले नसते. त्या गाड्यांतील माणसांच्या घरी मात्र ते दर पावसाळ्यात नव्याने येऊन थडकले असते.

म्हणून अशा फिती सरसकट दडपाव्यात, असे मात्र मला वाटत नाही. महाडच्या फितीला एक खरे मूल्य आहे. मे महिन्यात कोकणातील कोरड्या मोकळ्या जागेवर हेलिकॉप्टरखाली किती धूळ उठते, हे पुस्तकातील वाक्याने कळत नाही. ते तेथे डोळ्यांना कळते. परंतु हा धडा ज्यांनी घ्यायचा ते लोक मोजके आहेत: सभेसाठी जागा निवडणारे कार्यकर्ते, परवानगी देणारे अधिकारी, तात्पुरत्या तळावर पाणी मारून धूळ बसविण्याचे काम ज्यांच्याकडे असते ते कर्मचारी, आणि अर्थात वैमानिक. त्यांच्यापुढे ही फीत ठेवायची तर आवाज बंद करून ठेवावी आणि यंत्राचा तोल जाण्यापूर्वीच ती थांबवावी. मग विचारावे की, ही जागा कोणी पाहिली होती, वाऱ्याची दिशा दाखविणारे काही तेथे होते काय, पाणी मारले होते काय, बघ्यांना किती अंतरावर उभे केले होते, आणि उतरणे रद्द करून पुन्हा वर जावे असा इशारा वैमानिकाला कोणी व कसा दिला असता. ह्या प्रश्नांची उत्तरे मिळविताना पुढच्या भागाची गरज कोणाला भासली, तर ती कशासाठी भासली हे त्याने तेथेच सांगावे.